पूर्ण नाव, गाव आणि प्रश्न

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते कुंदा सोनकुसरे यांचं. या लेखात पूर्ण नाव एवढं एकच येईल, आणि तेही त्यांना विचारून लिहिलं आहे.

कुंदाताई आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेपासून जवळ, हातमागाची जुनी वस्ती असलेलं. ताईंच्या घरीही माग होता. "घरी दिवसभर खटखट, म्हणून मी इथं येऊन बसतो," असं त्या हसून म्हणायच्या आणि ते अर्धं खरंही असावं. वाचनालयात त्यांनी तीस वर्षं काढली.

मी लाखांदूर तालुक्यातला. आई-वडील धानाच्या बांधीत मजुरीला जायचे. आठवीपासून मी मामाकडे, या गावात शिकायला होतो. दहावीनंतर भंडाऱ्याच्या वसतिगृहात माझा नंबर लागला आणि मी "जात नाही" म्हणून हटून बसलो. मामाने कारण विचारलं, रागावून विचारलं, पेढा देऊन विचारलं. मी सांगितलं नाही. कुंदाताईंना सांगितलं. पंधरा दिवसांनी मी पेटी घेऊन एसटीत बसलो. कारध्याच्या पुलावरून भंडाऱ्यात शिरताना खिडकीतून नदी पाहिली ती अजून आठवते, कारण तेव्हा पोटात भीती नव्हती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या पंधरा दिवसांमुळे. पुढे ग्रंथालयशास्त्र केलं, आणि गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी ताईंच्या हाताखाली सहायक म्हणून लागलो.

ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तक देणं आणि घेणं, असं लोकांना वाटतं. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटलं. आमच्याकडे कार्डाची पद्धत होती. प्रत्येक पुस्तकात एक छोटं कार्ड, आणि प्रत्येक वाचकाच्या नावाचा एक कागदी खिसा. पुस्तक नेलं की कार्ड वाचकाच्या खिशात जायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात, खिसा रिकामा. कोणी काय वाचलं याची खूण त्या क्षणी संपायची. ताई कार्ड काढून पुस्तकात सरकवायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "झालं. विसरली मी."

हे विसरणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे, हे मला एका व्यापाऱ्यामुळे कळलं. त्यांची मुलगी कॉलेजात होती, आमच्याकडून पुस्तकं न्यायची. एक दिवस ते काउंटरला कोपर टेकून उभे राहिले.

"ताई, माही पोरगी कोणती पुस्तकं नेते, थे सांगा बरं."

"पुस्तकं परत आली भाऊ. आता मले आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही? माह्या लग्नात कोणती भाजी होती, थे तुमाले अजून आठवते."

"थे खारट झाली होती, म्हणून आठवते."

ते हसले, पण हलले नाहीत. ताईंनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढला. "भाऊ, तुम्ही स्वतः कोणती पुस्तकं नेता, थे तुमच्या पोरीनं इचारलं तर सांगू का?" भाऊंनी पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरले. तेही नियमित वाचक होते.

दुसरा धडा मला माझ्याच चुकीने मिळाला. पुस्तक वेळेवर परत आलं नाही की आम्ही स्मरणपत्र पाठवायचो, साध्या पोस्टकार्डावर. मी नवा, उत्साही. एका शिक्षकांना मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "आपल्याकडे असलेले 'मूल होत नसल्यास काय करावे' हे पुस्तक त्वरित परत करावे." पोस्टमनने वाचलं, पोस्टमनने ज्याला दिलं त्या शेजाऱ्याने वाचलं, आणि सर शाळेतून घरी येईपर्यंत गल्लीने वाचलं. सर पुस्तक परत करायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे ते वाचनालयातच आले नाहीत.

ताई मला ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "काहून रे, मी पत्रात पुस्तकाचा नंबरच कायले लिहितो, थे कधी इचारलं नाही तू?" मी खरंच विचारलं नव्हतं. मला वाटायचं, नाव लिहिण्याचा त्यांना कंटाळा असेल.

एवढी चूक करून, एवढा ओशाळून, मी पुढे त्याहून मोठी चूक केली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

ताईंच्या टेबलाला एक कुलूपबंद खण होता. त्यात त्यांच्या वह्या असायच्या. लोक पुस्तक मागायला यायचेच, पण पुष्कळ लोक प्रश्न घेऊन यायचे. शेळीच्या पोटात जंत झाले, पुस्तक आहे का? जमिनीचा फेरफार कसा वाचायचा? पोरगी बोलताना अडते, शाळेत टाकावं का? अंगावर पांढरे डाग आहेत, दुसऱ्याला लागतात का? बायका तर ताईंना कपाटाच्या मागे नेऊन विचारायच्या. त्या काळी आमच्या गावात जे कोणालाच विचारता येत नव्हतं, ते वाचनालयाच्या बाईंना विचारता येत होतं. ताई वहीत लिहून ठेवायच्या: तारीख, नाव, गाव, प्रश्न, कोणतं पुस्तक दिलं. पुस्तक नसेल तर भंडाऱ्याहून किंवा नागपूरहून मागवायच्या. कोणाचं उत्तर द्यायचं राहिलं हे कळावं म्हणून ती नोंद, एवढंच तिचं काम.

अशा नऊ वह्या झाल्या. निवृत्तीच्या दिवशी ताईंनी खणाची किल्ली माझ्या हातात दिली. "ज्यायची उत्तरं द्यायची राहिली असतील, त्यायले दे," म्हणाल्या. मग त्या नागपूरला मुलीकडे राहायला गेल्या.

काही वर्षांनी वाचनालयात संगणक आले, इंटरनेट आलं. नागपूरच्या एका गृहस्थांनी वाचनालयाची वेबसाइट तयार करून दिली आणि म्हणाले, "सर, साइट रिकामी ठेवू नका. काहीतरी टाका, जे दुसऱ्या कोणाकडे नाही." मी घरी जेवताना विचार करत होतो आणि एकदम ताठ बसलो. दुसऱ्या कोणाकडे नाही असं आमच्याकडे काय होतं? नऊ वह्या होत्या.

मी त्या टंकायला बसलो. दुपारच्या सुट्टीत, रविवारी, पुढचे आठ-नऊ महिने. आज लोक विचारतात, तुम्ही नावं का गाळली नाहीत? याचं उत्तर मला प्रामाणिकपणे द्यायचं आहे. नावं गाळणं मला अपमान वाटला. माझ्या वडिलांचं नाव आयुष्यात मतदार यादी आणि मजुरीच्या हजेरीपटाशिवाय कुठेही लिहिलं गेलं नाही, आणि हजेरीपटात तर नुसतं पहिलं नाव, तेही तोडून. आमच्याकडे माणसाला पूर्ण नावाने हाक मारणं ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून मी प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहिलं. श्री. लिहिलं, श्रीमती लिहिलं. वहीत जिथे नुसतं "बेबी, ढिवर मोहल्ला" होतं, तिथे मी घरी जाऊन पूर्ण नाव विचारून आलो. आणि गोसीखुर्दच्या धरणात जी गावं गेली, त्या गावांतल्या वाचकांपुढे मी जुन्या गावाचंच नाव लिहिलं. गाव पाण्याखाली गेलं, पण इंटरनेटवर त्याचं नाव राहील, असं मला वाटलं. टंकताना डोळ्यांत पाणी यायचं. मी ताईंच्या कामाचं स्मारक उभं करतो आहे, अशी माझी समजूत होती.

साइट सुरू झाली आणि गावाला वेड लागलं. सर्च इंजिनमध्ये आपलं नाव टाकायचं आणि आमच्या वाचनालयाचं पान सर्वांत वर यायचं. येणारच. आमच्या लोकांची नावं जगात दुसऱ्या कोणत्या पानावर होती? एक म्हातारेबुवा खास शेतातून आले. "माहं नाव दाखव बाबू." मी दाखवलं. नाव, गाव, प्रश्न: बोकडाला खरूज झाली आहे, उपाय काय. त्यांनी पडद्याला हात लावला. "म्हंजे अमेरिकेत दिसते का हे?"

"दिसतं बाबा."

"बोकड तर मेला रे." त्यांनी नावाखालून बोट फिरवलं. "पण चांगलं झालं, लिहिलं तू."

त्यांच्या नातवाने ते पान छापून नेलं आणि भिंतीवर लावलं. वाचनालयाचे अध्यक्ष भेटेल त्याला सांगू लागले. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. एवढ्या माणसांत, एवढ्या महिन्यांत, एकानेही विचारलं नाही की हे चूक तर नाही ना. मीही नाही.

शनिवारी दुपारी मी शाळेच्या मुलींसाठी संगणकाचा तास घ्यायचो. काही मुली पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीतून यायच्या. त्या शनिवारी मी शोध कसा घ्यायचा ते शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं: जेवढे नेमके शब्द, तेवढं नेमकं उत्तर. मग मीच म्हणालो, माझ्या तोंडाने म्हणालो, "आता प्रत्येकीने आपल्या आईचं नाव टाका आणि सोबत जुन्या गावाचं नाव टाका. बघा काय येतं."

पहिल्या दोघींना काही आलं नाही. तिसरी मुलगी नववीतली, चुणचुणीत, माझी आवडती. तिने टाकलं आणि ओरडली, "सर, आईचं नाव आलं!" सगळ्या जणी तिच्या खुर्चीमागे गोळा झाल्या. मी कौतुकाने हसत तिकडे निघालो. मधे दोन बाकं होती. ती ओलांडून मी पोचलो तेव्हा तिचं बोट पडद्यावरच्या एका ओळीवर होतं.

पडद्यावर आईचं पूर्ण नाव होतं, गाव होतं. प्रश्न: नागपूरच्या संस्थेतून दत्तक घेतलेली मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला हे कधी व कसे सांगावे? पुस्तक आहे का?

"सर, हे काय लिहून आहे?" ती म्हणाली.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी वाचनालयात पुराचं पाणी शिरलेलं पाहिलं, वाळवीने खाल्लेली कपाटं पाहिली. पण मला असा धक्का कधी बसला नाही. मागून एका मुलीने हळूच विचारलं, "दत्तक म्हंजे तू का वं?" आणि मी काय केलं? मी संगणकाचं बटण दाबून पडदा बंद केला. जणू तेवढ्याने ते पुसलं जाणार होतं. ती मुलगी दप्तर न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. या लेखासाठी नाव बदलायचं म्हणून परवा त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, "रजनी लिहा. लहानपणी मले थेच नाव पायजे होतं." तर, रजनीबाई आल्या. रविवार असल्याने वाचनालय बंद होतं, पण घरी राहवेना म्हणून मी दाराशी येऊन उभा होतो. माझी तयारी शिव्यांची होती. त्या दप्तर मागायला आल्या होत्या.

मी दप्तर आणून दिलं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"सर, एक सांगा. तुमाले मी काही केलं होतं का?"

"नाही बाई."

"मंग काहून लिहिलं?"

मी सांगायला लागलो. पूर्ण नावाचा मान, बुडालेलं गाव, ताईंचं काम. माझेच शब्द मला पोकळ ऐकू यायला लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, आमच्या जुन्या गावात साऱ्यायले माहीत होतं. पोरगी आणली तवा गाव पाह्याले आलं होतं, बारसं जेवलं होतं. पण कोणी एका शब्दानं तिले बोललं नाही. भांडणात नाही बोललं. मंग गाव उठलं, अर्धे इकडं गेले, अर्धे तिकडं. नव्या वसाहतीत बाजूचे लोक दुसऱ्या गावचे. मले वाटलं, पाण्यात गेलं थे गेलं." त्यांनी दप्तर मांडीवर घेतलं. "मी सांगणारच होती. ताईनं तवाच बजावलं होतं, शाळेत टाकायच्या आंधी सांग म्हणून. मले जमलं नाही. दरसाल म्हणो, दिवाळी होऊ दे, मंग सांगतो. पण माह्या तोंडानं सांगणार होती ना मी. तुमच्या टीव्हीनं नाही."

"ती कशी आहे?"

"जेवत नाही. मले आई म्हणत नाही. 'अहो' म्हणून राहिली."

त्या गेल्यावर मी आत जाऊन संगणक सुरू केला आणि साइटवरचं ते पान काढलं. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, तेवढी एक नोंद काढ ना, बाकीच्या कायले काढतो? किती लोक पाहून राहिले आपल्याले." मी सगळी पानं काढली. मग खात्री करावी म्हणून रजनीबाईंचं नाव पुन्हा शोधलं.

ते तसंच आलं. सर्वांत वर. उघडायला गेलं तर पान नव्हतं, पण नावाखाली दोन ओळींत प्रश्न पूर्ण दिसत होता.

मी नागपूरच्या गृहस्थांना फोन लावला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सर्च इंजिन म्हणजे काय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. असा एक वाचक समजा, जो सभासद नाही, ज्याचं कार्ड नाही, जो कधी दिसत नाही. तो रोज येतो, प्रत्येक पान उतरवून घेतो, आणि जगात कोणीही विचारलं की लगेच वाचून दाखवतो. आपण पुस्तक कपाटातून काढलं तरी त्याची नक्कल त्याच्याकडे काही काळ राहते. ती काढा, असा अर्ज करावा लागतो. अर्ज इंग्रजीत होता. "कारण" या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना. शेवटी लिहिलं, "माझी चूक." रजनीबाईंचीच नव्हे, सगळ्याच पानांची नक्कल निघायला हवी होती. पानामागून पानाचे अर्ज करत गेलो. पहिलं उत्तर यायला जवळपास तीन आठवडे लागले. तोवर मी रोज सकाळी दार उघडल्यावर आधी रजनीबाईंचं नाव शोधायचो, आणि ते रोज वर यायचं. एका सकाळी मनात आलं, मीच रोज शोधतो म्हणून तर ते वर राहत नसेल? त्या दिवसापासून तेही बंद केलं.

त्याच दिवसांत दुसरा धक्का बसला. वाचनालयाचा संगणक सगळे वापरायचे. एक गृहस्थ रेल्वेचं वेळापत्रक पाहायला बसले, त्यांनी एक अक्षर टाकलं आणि खाली यादी उतरली: आधी बसून गेलेल्या माणसांनी काय काय शोधलं त्याची. त्यात एका आजाराचं नाव होतं, आणि "नवरा मारतो तक्रार कुठे" असंही होतं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आधी कोण बसून गेलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ताईंची कार्डं पुस्तक आल्याबरोबर विसरायची. हे यंत्र माझ्या काउंटरपासून चार हातांवर बसून सगळं लक्षात ठेवत होतं, आणि मी त्याच्यावरची धूळ रोज पुसत होतो. तेव्हापासून प्रत्येक माणूस उठला की मी ती यादी पुसतो. पुसताना "झालं, विसरलो" असं तोंडातून निघून जातं.

दोन महिने ती मुलगी वाचनालयात आली नाही. मी शनिवारचा तास बंद केला होता. मग एका दुपारी ती एकटीच आली. उंच झाल्यासारखी वाटली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"ती वही दाखवा सर. माझी."

मी खण उघडला, वही काढली, पान काढून दिलं. बाकीच्या ओळींवर कागद ठेवला, एवढं मला तोवर आलं होतं. तिने ताईंच्या अक्षरातली ती ओळ वाचली. संगणकावर जे नव्हतं ते तिथे होतं. समासात ताईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते टंकण्यासारखं नाही म्हणून मी सोडून दिलं होतं: "बाई रडत होती. मुलगी कडेवर झोपलेली. तिचा पाय सारखा कुरवाळत होती."

तिने ते किती वेळ वाचलं, मला माहीत नाही. मी पुस्तकांकडे पाहत होतो.

"आई म्हणते, कुंदाताईंनी तिला सांगितलं होतं लवकर सांग म्हणून."

"हो."

"कुंदाताईंना माहीत आहे का, तुम्ही काय केलं ते?"

"नाही."

"सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगणार आहे."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू मला लागलं. "आईपण हेच म्हणे. सांगणार होती, सांगणार होती. आईले बारा वर्षं पुरले नाही. तुमाले किती लागन सर?"

वही मिटून तिने माझ्याकडे सरकवली. दाराशी जाऊन वळली. बाहेर सायकल धरून रजनीबाई उभ्या होत्या. "चल ना वं आई, ऊन लागून राहिलं," असं ती त्यांना म्हणाली, ते मी ऐकलं.

त्याच दिवशी मी ताईंना पत्र लिहिलं. फोन केला नाही, कारण ताईंना ऐकू कमी येतं आणि त्यांची मुलगी फोनचा आवाज मोठा करून देते. पोस्टकार्डावर लिहिलं नाही, हे सांगायला नको. बंद पाकिटात घातलं. पत्राची मी प्रत ठेवली नव्हती. ताईंनीच मूळ पत्र या लेखासाठी परत दिलं. ते असं:

*आदरणीय ताई,*

*सविनय जयभीम.*

*तुम्ही किल्ली दिली तेव्हा, राहिलेली उत्तरं दे, असं म्हणाला होतात. मी उत्तरं दिली नाहीत. मी प्रश्नच जगाला वाटले. नऊही वह्या टंकून वाचनालयाच्या साइटवर टाकल्या, पूर्ण नावांसह. जो कोणी नाव शोधेल त्याला ते दिसत होतं. जवळपास वर्षभर दिसत होतं. आता सगळं काढलं आहे. पण कोणी उतरवून घेतलं असेल तर ते मला काढता येणार नाही.*

*जुन्या गावच्या त्या बाई तुम्हाला आठवत असतील, ज्यांची मुलगी कडेवर झोपली होती. त्या मुलीला मीच आईचं नाव शोधायला सांगितलं. तिने वर्गात सगळ्यांसमोर वाचलं. आता ती आईशी बोलते. त्यात माझं काही श्रेय नाही.*

*ताई, गावात मी सांगतो की मला कळलं नाही. लोक मानतात, कारण मी साधा माणूस आहे आणि मी वाईट हेतूने केलं नाही. पण तुम्हाला तसं सांगता येणार नाही, कारण तुमच्याकडे तिसरी वही होती.*

*तिसऱ्या वहीत माझी नोंद आहे. माझं नाव, मामाचा पत्ता, आणि प्रश्न: "वय पंधरा. वसतिगृहात जायचे आहे. झोपेत अंथरूण ओले होते. उपाय आहे का? मामाला सांगू नये." त्यापुढे तुम्ही पुस्तकाचा नंबर लिहिला आहे. ते पुस्तक तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं. पुष्कळ मुलांना होतं आणि जातं, एवढं एक वाक्य तुम्ही बोललात. त्या वाक्यावर मी वसतिगृहात गेलो, बी.ए. झालो, आणि तुमच्या खुर्चीवर बसलो.*

*ती नोंद टंकायची वेळ आली तेव्हा मी उठलो. पाणी प्यायलो. परत येऊन बसलो आणि पुढच्या ओळीपासून टंकायला लागलो. नऊ वह्यांत तेवढी एकच ओळ मी सोडली. त्या वेळी मनात काहीसुद्धा आलं नाही, असं मी शपथेवर सांगू शकलो असतो. आज वही पुन्हा उघडली तेव्हा मला ते पाणी पिणं आठवलं.*

*म्हणजे मला माहीत होतं. माझ्यापुरतं माहीत होतं.*

*वह्या तुमच्या आहेत. पोस्टाने पाठवायला मन धजत नाही. रविवारी पहिल्या एसटीने घेऊन येतो. माझी ओळ मी खोडलेली नाही. घरात घ्यायचं की वह्या दारातून घ्यायच्या, ते तुम्ही ठरवा. मी बाहेर थांबेन.*

*आपला,*
*सिद्धार्थ*